अब्जांशाचा लेप आणि परळीचे पाणी

मे महिन्याच्या दुपारी परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीने पोखर्णी नृसिंह स्थानकावर उतरणाऱ्या भाविकाला देवाच्या आधी उन्हाचे दर्शन होते. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी जमीन सकाळपासून तापलेली असते, पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि गावातील पत्र्याच्या घरांतून निघणारी धग रस्त्यावरही जाणवते. हाच लोहमार्ग पुढे गोदावरी ओलांडून गंगाखेडला व तेथून परळी वैजनाथला जातो. परळीला ज्योतिर्लिंग आहे, आणि १९७१ पासून वीज देणारे औष्णिक केंद्रही आहे. पोखर्णीच्या पत्र्याखाली फिरणारा पंखा आणि परळीचे धुराडे यांचे नाते सर्वांना ठाऊक असते. परंतु दोन्हीकडची अडचण एकाच जातीची आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही ठिकाणी नको असलेली उष्णता बाहेर टाकावयाची आहे, आणि ती टाकण्याचे जे एक स्वस्त साधन आपल्यापाशी होते ते पाणी, ते तर आता पिण्यालाही पुरेनासे झाले आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा नाही म्हणून वीजकेंद्र थांबल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. येथे पाणी नव्हते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात गोदावरीवर खडक्याचा बंधारा आहे, तेथून परळीला पाणी जाते. त्या बंधाऱ्यात पाणी उरले नाही, आणि वरच्या धरणांतून सोडावे तर तेथेही पिण्यासाठीच राखून ठेवण्याची वेळ. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या प्रदेशात माणसांना पाणी रेल्वेने येते, त्या प्रदेशात वीज करण्यासाठी पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न त्या वर्षी कोणी मोठ्याने विचारला नाही. विचारण्याची गरजच नव्हती, केंद्र बंदच होते.

अशा पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत विज्ञानाच्या सदरांतून एक वार्ता वारंवार येत असते. धातूच्या पृष्ठभागावर अब्जांश मीटर जाडीचा, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचा, लेप दिला असता त्या पृष्ठभागातून उष्णता कित्येक पट वेगाने वाहू लागते, असा तिचा सारांश असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर सहज बसतात. एवढ्या सूक्ष्म थराने परळीची तहान भागेल काय? प्रस्तुत लेखकाच्या मते या संशोधनाकडून आशा जरूर ठेवावी, परंतु ती पटींत न मोजता लिटरमध्ये मोजून ठेवावी.

वीज पाणी का पिते?

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, ती वाफ टर्बाइन फिरविते आणि काम झालेली वाफ कंडेन्सर नावाच्या प्रचंड पात्रात येते. या पात्रात हजारो नळ्या असतात. नळ्यांच्या आतून थंड पाणी खेळत असते, बाहेरून वाफ येऊन भिडते आणि तिचे पुन्हा पाणी होते. हे पाणी शुद्ध असल्यामुळे ते बॉयलरकडे परत जाते. त्याचा व्यय फारसा नाही. व्यय होतो तो नळ्यांच्या आतून खेळणाऱ्या पाण्याचा. वाफेची उष्णता घेऊन तापलेले हे पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून खाली शिंपडले जाते, त्यातील काही भागाची वाफ होऊन ती आकाशात जाते आणि उरलेले पाणी गार होते. माठातील पाणी ज्या न्यायाने थंड होते, तोच हा न्याय. फक्त हा माठ पाचसात मजली इमारतीहून उंच असतो आणि त्यातून पाझरलेले पाणी पुन्हा हाती लागत नाही.

कोळशाच्या उष्णतेचे शंभर भाग धरले, तर परळीसारख्या केंद्रात त्यातील सुमारे पस्तीस भागांची वीज होते. पंधराएक भाग धुराड्यावाटे आणि इतर वाटांनी जातात. उरलेले पन्नास भाग कंडेन्सरमध्ये येऊन पडतात, आणि ते पाण्याच्या वाफेवर बसवून वातावरणात पाठवावे लागतात. म्हणजे जेवढी वीज होते, त्याच्या जवळजवळ दीडपट उष्णता आपण गोदावरीचे पाणी खर्चून फेकून देतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी मर्यादा घालून दिली ती मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची. ही भाषा अभियंत्यांची झाली. घरच्या मीटरच्या भाषेत तिचा अर्थ विजेच्या एका युनिटामागे साडेतीन लिटर पाणी. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेरा तास फिरला की एक युनिट होते. पोखर्णीत उकाड्याच्या रात्री ज्याच्या घरी पंखा फिरतो, त्याच्या नावावर परळीला दोनतीन लिटर पाण्याची वाफ झालेली असते.

तेव्हा पाणी वाचवावयाचे तर दोनच मार्ग राहतात. एक, पाण्याऐवजी हवेने गार करणारी यंत्रणा उभारणे. ती महाग पडते आणि परभणीच्या उन्हाळ्यात हवाच तापलेली असल्याने वीज कमी निघते. दुसरा, तेवढ्याच कोळशातून अधिक वीज काढणे, म्हणजे फेकावयाची उष्णताच कमी होईल. लेपाचे विज्ञान या दुसऱ्या मार्गावर येऊन मिळते.

उंबरठ्यावरचा अडसर

पोखर्णीचे दैवत नृसिंह. हिरण्यकशिपूला घरात मरण नव्हते आणि घराबाहेरही नव्हते, म्हणून नृसिंहाने त्याला उंबरठ्यावर गाठले, ही कथा सर्वश्रुत आहे. उष्णतेच्या प्रवासातही सर्वांत कठीण जागा उंबरठ्याचीच असते. तांब्याच्या नळीच्या अंगातून उष्णता झरझर वाहते. नळीत खेळणाऱ्या पाण्याबरोबरही ती दूर वाहून जाते. ती अडते वाफ आणि धातू यांच्या सीमेवर. वाफेचे जे पाणी होते ते नळीला चिकटून बसते, त्याचे पातळ पटल तयार होते, आणि पुढच्या वाफेला आपली उष्णता या पटलातून ओलांडून द्यावी लागते. पाणी हे तांब्याच्या मानाने सुमारे सहाशेपट वाईट वाहक आहे. म्हणजे वाफेने निर्माण केलेले पाणीच वाफेच्या वाटेत आडवे येते. विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये या पटलाचे गणित मांडले, आणि जगातील वीजकेंद्रांचे कंडेन्सर पुढे त्याच्याच आधारावर घडविले गेले.

पुढे १९३० मध्ये अर्न्स्ट श्मिट आणि त्यांचे सहकारी यांना एक निराळीच गोष्ट दिसली. पृष्ठभागाला पाणी चिकटेनासे झाले, तर वाफेचे पटल न होता थेंब होतात. थेंब वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि जड झाले की घरंगळतात. घरंगळताना वाटेतील लहान थेंबांना झाडून नेतात आणि मागे कोरडा, उघडा धातू सोडतात. त्या उघड्या धातूवर नवी वाफ येऊन भिडते. या रीतीने उष्णता पटलाच्या मानाने पाच-सातपट किंवा त्याहूनही अधिक वेगाने जाते. आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचे पाणी म्हणतात. कंडेन्सरच्या नळीला हवे असते ते नेमके हेच: पाणी यावे आणि टिकू नये.

अळूचे पान असे का वागते, याचा उलगडा व्हावयास मात्र १९९७ साल उजाडावे लागले. बॉन विद्यापीठातील बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या वर्षी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कमळाबरोबर अळूही होते. या पानांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर त्याहून सूक्ष्म मेणाचे कण. थेंब या कणांच्या टोकांवर तरंगत राहतो, पानाच्या अंगाला तो जवळजवळ लागतच नाही. या शोधानंतर जगभर कमळपत्राची नक्कल करण्याची लाट आली. तथापि कंडेन्सरसाठी ही नक्कल जशीच्या तशी उपयोगी पडली नाही, आणि त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. पावसाचा थेंब पानावर वरून पडतो, म्हणून तो टोकांवर राहतो. वाफेचा थेंब खाचेतच जन्म घेतो आणि खाच भरून बसतो. बाहेरून आलेल्याला घालविणे सोपे, घरात जन्मलेल्याला नव्हे!

पृष्ठभागाला पातळ थर देऊन त्याचा स्वभाव बदलण्याची विद्या आपल्याला नवी नाही. गावोगावी फिरणारा कल्हईवाला हेच करीत असे. भात्याने फुललेल्या निखाऱ्यावर पातेले तापवावयाचे, नवसागराची चिमूट टाकून पांढरा धूर काढावयाचा, कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने तो क्षणात सर्वत्र पसरावयाचा. तांब्यापितळेचे भांडे तेच राहते. परंतु आता त्यात ताक कळकत नाही. थर इतका पातळ की चुलीची उष्णता अडत नाही, आणि इतका घट्ट की महिनोन्महिने घासणीला दाद देत नाही. पातळपणा आणि टिकाऊपणा यांचा हा मेळ कल्हईवाल्याला परंपरेने साधलेला होता; कंडेन्सरच्या शास्त्रज्ञांना तो साधण्यास नव्वद वर्षे लागली, आणि अजूनही पुरता साधला आहे असे म्हणवत नाही.

१९३० नंतर प्रयत्न पुष्कळ झाले. तेलकट आम्लांचा हात फिरविला, तर ते थोड्याच काळात धुऊन जाई. सोन्याचा मुलामा चांगला चाले. परंतु हजारो नळ्यांना सोने चढविण्याची ऐपत कोणत्या वीज मंडळाची असणार? टेफ्लॉनचा थर द्यावा तर तो स्वतःच उष्णतेचा पाण्याहूनही वाईट वाहक; जाड दिला तर थेंबांनी मिळविलेले सारे तोच गिळून टाकतो, पातळ दिला तर वाफेच्या माऱ्याने सोलून निघतो. पाठ्यपुस्तकांत थेंबांचे प्रकरण छापले जात राहिले आणि वीजकेंद्रांत पटले वाहत राहिली.

अब्जांश तंत्रज्ञानाचे महत्त्व येथे आहे. थर इतका पातळ करता आला की त्याचा अडथळा नगण्य ठरावा, आणि तो धातूशी रासायनिक बंधाने जोडता आला की तो सोलून निघू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कृपा वाराणसी या मद्रास आयआयटीच्या माजी विद्यार्थ्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असा बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा, चिवट थर वाफेच्या अवस्थेतूनच धातूवर चढवून दाखविला. त्याच संस्थेत एव्हलिन वांग यांच्या गटाने २०१५ मध्ये तांब्यावर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एक-दोन अणूंएवढ्या जाडीचा, पडदा चढविला. उष्णतासंक्रमण पटलाच्या मानाने चौपट झाले, आणि संपूर्ण केंद्राच्या कार्यक्षमतेत त्यामुळे दोनतीन टक्क्यांची भर पडू शकेल, असा अंदाज त्यांनी वर्तविला. इलिनॉय विद्यापीठातील नेनाद मिल्यकोविच यांच्या गटाने हिऱ्यासारख्या कठीण कार्बनात फ्लोरिन मिसळून केलेला लेप तीन वर्षे सतत वाफेत ठेवला आणि २०२३ मध्ये त्याचा वृत्तांत दिला; तीन वर्षांनंतरही थेंब घरंगळत होते. पटींचे आकडे याआधीही पुष्कळ झाले होते. या विषयात तीन वर्षांचा आकडा मात्र नवा होता, आणि या लेखकाला त्याचेच मोल अधिक वाटते.

लिटरचा हिशेब

आता परळीकडे वळू. नळीच्या बाहेरील बाजूस उष्णता चौपट वेगाने जाऊ लागली, म्हणून सबंध कंडेन्सर चौपट होत नाही. नळीच्या आत पाणी आहे, त्याचा अडथळा तसाच राहतो. कूलिंग टॉवरमधून फिरून फिरून पाणी आटते, त्यातील क्षार दाटतात आणि नळीच्या आतल्या अंगाला बसतात. चुलीवर पाणी तापविण्याच्या हंड्यात बसणारा पांढरा थर आपल्या परिचयाचा आहे. तोच थर नळीत अर्धा मिलिमीटर जमला, की बाहेरील अब्जांशाची सारी करामत त्याच्यापुढे हतबल. दुष्काळी वर्षात साठा कमी झाला म्हणजे पाण्यातील क्षारही वाढतात, म्हणजे ज्या वर्षी लेपाची गरज अधिक त्याच वर्षी त्याचा गुण कमी.

हे सारे मान्य करूनही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, पस्तीस टक्क्यांची कार्यक्षमता छत्तीस झाली. वरच्या अंदाजाशी हे सुसंगत आहे. आधी पस्तीस भाग विजेमागे पन्नास भाग उष्णता फेकावी लागत होती. आता छत्तीस भागांमागे एकोणपन्नास. दर युनिटामागे फेकावयाची उष्णता सुमारे पावणेपाच टक्क्यांनी घटते, आणि तिच्याबरोबर तेवढीच वाफही. परळीचे आजचे संच २५० मेगावॅटचे आहेत. असा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर साठ लाख युनिट वीज होते. युनिटामागे दोन लिटर पाण्याची कूलिंग टॉवरमधून वाफ होते असे धरले, तर रोज एक कोटी वीस लाख लिटर. त्याचे पावणेपाच टक्के म्हणजे साडेपाच लाख लिटरांहून थोडे अधिक. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावे, असे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. एका संचाच्या नळ्यांवरील न दिसणाऱ्या थराने रोज दहा हजार माणसांचे पाणी वाचू शकते.

दहा हजार माणसे म्हणजे गोदाकाठची कितीतरी गावे. या आकड्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे: पंच्याण्णव टक्के पाण्याची वाफ लेपानंतरही होतच राहील. खडक्याचा बंधारा कोरडा पडला की लेप दिलेला संचही बंदच पडेल. नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरावे, असे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात नमूद आहे. तो मार्ग कंटाळवाणा आहे, त्यात नळ टाकावे लागतात आणि नगरपालिकांशी पत्रव्यवहार करावा लागतो. त्याची बातमी विज्ञानाच्या सदरात येत नाही. तरीही पाण्याचा मोठा वाटा तोच उचलणार. लेपाच्या चकाकीत हे काम मागे पडू नये.

आणखी एक शंका नोंदविणे भाग आहे. पाणी झिडकारणारे बरेचसे लेप फ्लोरिनच्या संयुगांचे असतात. ही संयुगे निसर्गात सहजी विघटित होत नाहीत, म्हणूनच जगभर त्यांच्यावर निर्बंधांची चर्चा चालू आहे. झिजलेल्या लेपाचे कण आणि निकामी झालेल्या नळ्या यांचे काय करावयाचे, हे लेप चढविण्याच्या आधीच ठरविले पाहिजे.

या क्षेत्रातील पटींच्या आकड्यांबाबत सावध का राहावे, याचा एक धडा अलीकडच्याच इतिहासात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेच्या स्टीफन चोई यांनी पाण्यात धातूचे अब्जांश कण मिसळण्याची कल्पना मांडली आणि त्या मिश्रणाला ‘नॅनोफ्लुइड’ असे नाव दिले. पुढे असे मिश्रण अपेक्षेहून कितीतरी अधिक उष्णता वाहते, असे निष्कर्ष येऊ लागले आणि निबंधांचा पूर आला. आपल्याकडे मद्रास आयआयटीचे सरितकुमार दास यांचे या विषयातील काम जगभर उद्धृत झाले. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा तो आवडता विषय बनला. २००९ मध्ये याकोपो बोंजोर्नो यांच्या पुढाकाराने तीसहून अधिक संस्थांनी एकाच बाटलीतील नमुने वाटून घेऊन मोजमाप केले. चमत्कार आढळला नाही; जुन्या सिद्धांताने सांगावी तेवढीच वाढ आढळली.

गंमत अशी की, एका ठिकाणी या मिश्रणाचा खरोखरच गुण येत होता. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्रकन आटून न जाता नाचत राहतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. खाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तव्याला लागतच नाही. उकळत्या पाण्यातही, तापमान फार वाढले की, तळाशी अशीच वाफेची गादी पसरते आणि उष्णता कोंडून धातू वितळण्याची वेळ येते. अणुभट्टीत याची सर्वांत मोठी धास्ती असते. नॅनोफ्लुइडमध्ये ही घातक मर्यादा बरीच वर सरकत असे. श्रेय द्रवाला दिले गेले. मग बारकाईने पाहता असे आढळले की, उकळताना ते कण तळावर बसून त्यांचा सच्छिद्र थर होत होता, तो थर पाणी शोषून धरीत होता आणि वाफेची गादी पसरू देत नव्हता. द्रवाच्या नावावर जमा झालेले पुण्य पृष्ठभागाचे होते. संघननाला पाणी झिडकारणारा पृष्ठभाग हवा आणि उकळण्याला पाणी ओढून घेणारा. दोन्हीकडे निर्णय उंबरठ्यावरच होतो.

पत्र्याखालची शाळा

परळीचा कंडेन्सर पोखर्णीपासून दूर आहे. पत्रा मात्र डोक्यावरच आहे. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. लाकडी सरांवर हातभर जाडीची माती, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाला आत यावयास संध्याकाळ होई, आणि तोवर घरातली माणसे माळवदावर झोपावयास गेलेली असत. माळवदाची निगा राखणे अवघड, लाकूड महाग, म्हणून पत्रा आला. तो स्वस्त आहे, गळत नाही. परंतु त्याखाली दुपारी बसवत नाही. याही ठिकाणी प्रश्न पृष्ठभागाचाच आहे. नवा चकचकीत पत्रा सूर्यप्रकाश बऱ्यापैकी परतवितो, पण शोषलेली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर फेकण्यात तो कमालीचा कंजूष असतो. जुना गंजका पत्रा फेकतो बरी, पण शोषतोही भरपूर. म्हणून नवा काय आणि जुना काय, दोन्ही तापतात.

हवे असते ते दोन्ही गुण असणारे पांघरूण. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आस्वथ रामन आणि शानहुई फान यांनी २०१४ मध्ये असे पांघरूण करून दाखविले. हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिका यांचे सात थर, खाली चांदी. सारी मिळून जाडी दोन मायक्रोमीटरहून कमी. ते सत्त्याण्णव टक्के सूर्यप्रकाश परतवीत होते आणि स्वतःची उष्णता अशा अवरक्त किरणांतून सोडीत होते की जे हवेत न अडता थेट अवकाशात निघून जातात. भर उन्हात तो तुकडा भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंशांनी थंड राहिला, आणि त्यासाठी विजेचा वा पाण्याचा एक कणही खर्चावा लागला नाही. पर्ड्यू विद्यापीठातील शियुलिन रुआन यांनी २०२१ मध्ये हाच परिणाम बेरियम सल्फेटच्या सूक्ष्म कणांच्या साध्या रंगाने साधला. तो रंग ९८.१ टक्के प्रकाश परतवितो.

आकाशाकडे उघडणाऱ्या या खिडकीत हवेतील बाष्प आडवे येते. कोकणाच्या दमट हवेत तिचा लाभ कमी मिळणार. परभणीच्या एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत ती चांगली उघडी असते. म्हणजे हवेतील ज्या कोरडेपणामुळे आपण पाण्यासाठी झुरतो, तोच येथे आपल्या बाजूने उभा राहतो. मराठवाड्याला निसर्गाकडून अशी सवलत क्वचितच मिळते.

परंतु स्टॅनफर्डचे छत परभणीच्या वावटळीत तपासलेले नाही. काळ्या मातीची धूळ चार दिवसांत कोणत्याही पांढऱ्या रंगाचा तोरा उतरविते, आणि छत धुण्यासाठी पाणी लागू लागले तर सारे मुसळ केरात. शिवाय परभणीचा उन्हाळा जितका प्रसिद्ध तितकीच थंडीही. कृषी विद्यापीठातील नीचांकी तापमानाच्या बातम्या दर डिसेंबरात येतातच. उन्हाळ्यात उष्णता आकाशात फेकणारे छत हिवाळ्यातही ती फेकीतच राहील, आणि त्याखाली झोपणाऱ्याला गोधडी पुरणार नाही. किमतीचा विचार केला तर उघड्या पत्र्यात आणि चुन्याच्या सफेदीत जेवढे अंतर पडते, तेवढे सफेदीत आणि या महागड्या रंगात पडेलच असे नाही. अहमदाबादेने २०१७ पासून गरीब वस्त्यांत छपरे पांढरी करण्याचा उपक्रम चालविला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. या दोन्हींची भिस्त मुख्यतः साध्या पांढऱ्या रंगासारख्या सोप्या उपायांवर आहे.

तेव्हा करावयाचे काय? वीज कंपनीने परळीच्या एखाद्या संचाच्या वार्षिक दुरुस्तीच्या वेळी काही शे नळ्यांना लेप देऊन त्या बाकीच्या नळ्यांशेजारीच बसवाव्यात आणि तीन उन्हाळे त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. नळीच्या आत क्षार किती बसला, बाहेरचा थर किती उरला, गार करण्याच्या पाण्यात किती अंशांचा फरक पडला, हे आकडे प्रसिद्ध करावेत. चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नॅनोफ्लुइडच्या चाचणीनळीपेक्षा या नळ्यांत अधिक शिकावयास मिळेल. छपरांच्या प्रयोगासाठी तर परभणीचे कृषी विद्यापीठ आणि पोखर्णीसारख्या गावातील पत्र्याच्या तीन खोल्या पुरेत. एका खोलीचा पत्रा उघडा ठेवावा, एकीवर चुना मारावा, एकीवर नवा लेप द्यावा. तिन्हींत एकेक तापमापक टांगावा. दुपारी दोनला आणि पहाटे पाचला आकडा टिपण्याचे काम वरच्या वर्गातील मुले आनंदाने करतील. मात्र नोंदवही जूनमध्ये मिटू नये. डिसेंबरच्या थंडीतील पहाटेचे आकडेही तीत आले पाहिजेत, आणि छत किती वेळा व किती घागरी पाण्याने धुवावे लागले, त्यासाठी एक वेगळा रकाना असावा.